आठवड्यातून एकदा निघणारी गाडी : देखभाल किलोमीटरवर ठरवायची की तारखेवर?

इंदिरानगरकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे २०२० च्या सुरुवातीला घेतलेली पेट्रोलवरची लहान गाडी आहे. सेवानिवृत्तीनंतर तिचे चालणे फारच कमी झाले आहे. नाशिकमधल्या इंदिरानगरहून कॉलेज रोडपर्यंतची किरकोळ कामे, अधूनमधून त्र्यंबक, एखाद्या वर्षी वणीचा सप्तशृंगी गड आणि इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्गाने ठाण्याला मुलीकडे, एवढाच काय तो प्रवास. मीटरवर अजून पंचवीस हजार किलोमीटरही झालेले नाहीत. बाकीचे दिवस गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असते.

नुकतीच वार्षिक सर्व्हिसिंगसाठी गाडी दिली, तेव्हा ऑईल आणि फिल्टर यांच्या जोडीला इंजिन फ्लशिंग (आतून धुणे), डीकार्बनायझेशन (आतली काजळी काढणे), ए.सी. डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, चारही टायरमध्ये नायट्रोजन आणि व्हील अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणे) अशी यादी समोर ठेवण्यात आली. मूळ कामापेक्षा या जोडकामांचाच आकडा मोठा होता. मी फक्त ऑईल आणि ऑईल फिल्टर बदलून घेतला व गाडी घरी आणली. आता मनात शंका अशी आहे की, गाडी चाललीच नसेल तर दरवर्षी ऑईल तरी का बदलायचे, आणि त्या यादीतील कोणते काम खरोखर आवश्यक आहे? घरच्या घरी, फारशी हत्यारे न वापरता, मला काय काय तपासता येईल?

गाडीतील काही सोयींबद्दलही विचारायचे आहे. वेग ८० च्या वर गेला की मधूनमधून टुक टुक असा आवाज येतो, तो बंद करता येतो का? स्टिअरिंगच्या उजव्या हाताला शून्य ते तीन आकडे असलेली एक छोटी चकती आहे, ती कशासाठी असते? आणि पावसाळ्यात त्र्यंबक रस्त्याला समोरची काच आतून धूसर होते, त्यावर कापडाने पुसत राहण्याखेरीज काही उपाय आहे का?

अंबडचा गॅरेजवाला

काका, अंबडच्या बाजूला माझे छोटे गॅरेज आहे, त्यामुळे हे बोलणे धंद्याच्या विरुद्ध वाटेल. परंतु त्या यादीला तुम्ही नकार दिलात ते योग्यच झाले. माझी खरी तक्रार मात्र दुसरीच आहे. यादीत जे होते त्यातले बहुतेक तुमच्या गाडीला नको होते आणि जे हवे होते ते यादीत नव्हतेच. कमी चालणारी गाडी झिजत नाही, ती जुनी होते. म्हणून तिच्या बाबतीत मीटरपेक्षा तारीख पाहावी लागते.

आधी ऑईलचे सांगतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत देखभालीचा तक्ता असतो आणि त्यात बहुतेक पेट्रोल गाड्यांसाठी १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असे लिहिलेले असते. यातला वर्षाचा भाग तुमच्यासारख्यांसाठीच आहे. इंदिरानगर ते कॉलेज रोड एवढ्या अंतरात इंजिनातले ऑईल पुरते तापत नाही. थंड इंजिनात जास्तीचे पेट्रोल आणि ज्वलनातून तयार झालेली पाण्याची वाफ ऑईलमध्ये उतरते आणि ती उडून जाण्याइतकी उष्णता मिळण्यापूर्वीच आपण गाडी बंद करतो. पुष्कळशा पुस्तिकांमध्ये वारंवार होणारे छोटे प्रवास आणि धूळ यांची गणना कठीण वापरात केलेली आढळेल, म्हणजे अशा गाडीचे ऑईल उलट लवकर बदलावे. ऑईल भरण्याचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला सायीसारखा पिवळट थर दिसला, तर ते बहुधा याच ओलाव्याचे लक्षण असते. एखाद्या लांब फेरीनंतर तो नाहीसा झाला तर चिंता नाही. पण थर टिकून राहिला आणि कूलंटही (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी होत असेल, तर मात्र गाडी दाखवावी.

ऑईलची पातळी पाहण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबावे. डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजण्याची पट्टी, बाहेर काढून कापडाने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग बाहेर काढून वाचावी. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर ऑईल वरपर्यंत पसरलेले असल्यामुळे ते वाचन धरू नये. ऑईल दोन खुणांच्या मध्ये असले म्हणजे पुरे. काळे दिसते म्हणून ते खराब झाले असे नाही आणि वरच्या खुणेच्या पुढे भरणे हेदेखील इंजिनाला अपायकारकच आहे.

आता यादीत नसलेले, पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम, म्हणजे ब्रेक ऑईल. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते, गाडी चालो अथवा न चालो. डॉट ४ प्रतीच्या नव्या ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा मुरल्यानंतरची किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. शहरात हा फरक जाणवत नाही. पण सप्तशृंगी गडावरून नांदुरीला उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला की चाकाजवळचे द्रव तापते, त्यातल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ पडून खाली जाते. म्हणून ते साधारण दर २ वर्षांनी, किंवा पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, पूर्ण बदलून घ्यावे. तुमच्या बिलांमध्ये ते कधी बदलल्याची नोंद आहे का, हे अवश्य पाहा. घाट उतरताना चढतानाचाच गिअर ठेवावा व न्यूट्रलमध्ये तर कधीच उतरू नये, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

राहिलेल्या यादीविषयी थोडक्यात. फ्लशिंग आणि डीकार्बनायझेशन पुस्तिकेच्या तक्त्यात आहे का, असे काउंटरवर शांतपणे विचारा. बहुतेक वेळा विषय तेथेच संपतो. अंडरबॉडी कोटिंगची खरी गरज कोकणच्या खाऱ्या हवेत असते. अलाइनमेंट तेव्हाच करावे, जेव्हा सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग सरळ असूनही गाडी तिरकी जाते किंवा टायर एकाच कडेला झिजलेला दिसतो. नायट्रोजनबद्दल एवढेच सांगतो की आपण श्वास घेतो त्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

नाशिकरोड_जुना सभासद

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, तथापि नायट्रोजन अगदीच निरुपयोगी आहे असे मला वाटत नाही. माझ्या गाडीत तो भरलेला असतो आणि हवा कमी होण्याचे प्रमाण घटल्याचा माझा अनुभव आहे. दुसरे असे की, आमच्या वडिलांच्या शिस्तीप्रमाणे मी उभी गाडी रोज सकाळी दहा मिनिटे जागेवरच सुरू ठेवतो. त्यामुळे बॅटरी कधीही बसलेली नाही. इंदिरानगरकरांनी हा उपाय करून पाहावा.

ओझर_विद्युत

नायट्रोजनचा वाद मी बाजूला ठेवतो; ज्यांना फुकट मिळतो त्यांनी खुशाल भरावा, मात्र त्यामुळे महिन्यातून एकदा हवा तपासण्याचे काम टळत नाही. जागेवर इंजिन सुरू ठेवण्याच्या सवयीशी मात्र मी असहमत आहे. सेल्फ मारताना बॅटरीतून एकदम मोठा प्रवाह खेचला जातो आणि इंजिन मंद गतीवर असताना अल्टरनेटरची, म्हणजे गाडीत वीज तयार करणाऱ्या यंत्राची, निर्मितीही कमी असते. त्यात दिवे, पंखा किंवा ए.सी. चालू असेल तर बॅटरीच्या पदरात फारसे काही पडत नाही. शिवाय वर सांगितलेला ओलाव्याचा प्रश्न रोज नव्याने निर्माण होतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा गाडी सलग अर्धा तास, थोड्या मोकळ्या रस्त्यावर, चालवून आणणे सर्व दृष्टींनी हितकारक आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला एक फेरी मारली तरी ऑईल तापते, ब्रेकच्या डिस्कवर धरलेला तांबूस गंज निघून जातो, टायर एकाच जागी दबून राहत नाहीत आणि बॅटरीही भरते. त्याच फेरीत, थंडीचे दिवस असले तरी, काही मिनिटे ए.सी. लावावा, म्हणजे कॉम्प्रेसरमधील तेल फिरत राहते व त्याची सीलं कोरडी पडत नाहीत.

बॅटरी घरी तपासण्यासाठी साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर १२.६ व्होल्टच्या आसपास वाचन आले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.४ ला ती सुमारे तीन चतुर्थांश असते आणि १२ च्या खाली गेली तर ती रिकामी समजावी. इंजिन सुरू असताना साधारणपणे १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा किंवा जोडणीचा असू शकतो. ही तपासणी डिसेंबरच्या आधी करावी, कारण निफाडकडचा पारा उतरू लागला की नाशिकमधील कमकुवत बॅटऱ्याही त्याच आठवड्यात मान टाकतात. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर आधी निगेटिव्ह आणि नंतर पॉझिटिव्ह केबल सोडवून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने टर्मिनल साफ करावे, कोरडे झाल्यावर उलट क्रमाने जोडावे आणि वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा.

दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावण्याची वेळ आलीच, तर लाल केबल दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हला लावावी. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर, लावावे. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो, म्हणून ही काळजी.

सिन्नर_रोजची फेरी

गाडीतील सोयींबद्दलच्या प्रश्नांची उत्तरे राहिली आहेत, ती मी देते. मी रोज सिन्नरला कामासाठी गाडी चालवत जाते, त्यामुळे ही बटणे हाताच्या सवयीची झाली आहेत.

काका, ८० नंतरचा आवाज ही बिघाडाची खूण नाही. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रवासी गाड्यांमध्ये ही वेगसूचना सक्तीची आहे. ८० च्या वर ती थांबून थांबून वाजते आणि १२० च्या वर सलग वाजू लागते. चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर हेही त्याच वेळी सक्तीचे झाले. आवाज बंद करण्याची सोय ठेवलेली नसते आणि कोणी वायर कापून देतो म्हणाला तरी देऊ नये. समृद्धीवर मोटारींची मर्यादाच १२० आहे.

ती शून्य ते तीनची चकती म्हणजे समोरच्या दिव्यांचा झोत खालीवर करण्याची सोय आहे. मागच्या आसनावर तिघे आणि डिक्कीत सामान असले की गाडी मागून दबते, नाक वर येते आणि आपले दिवे डिपरवर असूनही समोरच्याच्या डोळ्यांत जातात. अशा वेळी आकडा वाढवला की झोत खाली येतो. एकट्याने जाताना शून्यावर ठेवावे. रात्री घराजवळच्या भिंतीसमोर गाडी उभी करून चकती फिरवून पाहा, प्रकाशाची कडा भिंतीवर सरकताना स्पष्ट दिसते. ही चकती अनेकांच्या गाडीत वर्षानुवर्षे एकाच आकड्यावर असते आणि त्याचा त्रास समोरून येणाऱ्या प्रत्येकाला होतो, हे मला राहवत नाही म्हणून लिहिले.

काच आतून धूसर होते ती आपल्या श्वासातील आणि ओल्या कपड्यांतील बाष्पामुळे. ए.सी. हवेतील ओलावा काढून टाकतो, म्हणून पावसात गारठा वाटत असला तरी ए.सी. सुरू ठेवावा, हवेचा रोख समोरच्या काचेकडे करावा आणि आतलीच हवा फिरवणारे बटण, म्हणजे गाडीच्या चित्रात वळलेला बाण असलेले, बंद करून बाहेरची हवा आत येऊ द्यावी. थंडी वाजत असेल तर तापमानाची खुंटी लाल बाजूला वळवावी. धूसरपणा काचेच्या बाहेरच्या बाजूला असेल, तर त्याचे कारण उलटे असते. काच फार थंड झालेली असते, तेव्हा वायपर मारून ए.सी. थोडा कमी करावा. वायपरचे रबर एप्रिल-मेच्या उन्हात कडक होते, ते पाऊस सुरू होण्यापूर्वीच बदलावे आणि धूळ बसलेल्या कोरड्या काचेवर वायपर कधीही फिरवू नये. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात सध्या जी खोदाई चालली आहे, ती पाहता ए.सी.चा केबिन फिल्टरही तपासावा. तो बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि हाताने काढता येतो. ज्यांसाठी डिसइन्फेक्शन सुचवतात त्यांतल्या निम्म्या तक्रारी तो बदलल्यावर मिटतात.

डॅशबोर्डवरील दिव्यांच्या रंगांनाही अर्थ असतो. हिरवा व निळा केवळ माहिती देतात, पिवळा लवकर लक्ष द्या असे सांगतो आणि लाल दिसला तर सुरक्षित जागा पाहून थांबावे. लाल झारीचे चित्र ऑईलचा दाब गेल्याचे सांगते. तेव्हा इंजिन तत्काळ बंद करावे. इंजिनाचे पिवळे चित्र स्थिर असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते, मात्र ते लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे आणि न जळलेले पेट्रोल धुरांड्यातील धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते, म्हणून गाडी पुढे रेटू नये. नातवंडे येत असतील तर मागच्या दाराच्या कडेला कुलपाजवळ असलेला चाइल्ड लॉकचा छोटा खटका लावून ठेवा. तो लावला की दार फक्त बाहेरून उघडते.

इंदिरानगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चकतीचा प्रयोग काल रात्री कंपाउंडच्या भिंतीवर करून पाहिला. माझी तीनवर होती आणि त्यामुळेच रात्री रस्ता फक्त जवळपर्यंतच दिसत असे, याचा उलगडा झाला. बिलांच्या फाइलमध्ये ब्रेक ऑईल बदलल्याची एकही नोंद नाही, ते काम या आठवड्यात करून घेतो. आठवड्याची फेरीही ठरवून टाकली आहे.

आणखी तीन शंका आहेत. पंक्चरवाल्याने टायरच्या नक्षीला हात लावून टायर नव्यासारखे आहेत असे सांगितले, परंतु शेजाऱ्यांचे म्हणणे ते जुने झाले असे आहे. यात खरे काय मानावे? स्टेपनी आजवर जमिनीला लागलेलीच नाही, तर ती चारपैकी एका जागी वापरून एक टायर वाचवता येईल का? आणि पार्किंगच्या मागे मोकळा प्लॉट असल्याने उंदरांचा त्रास आहे.

अंबडचा गॅरेजवाला

उंदरांचे आधी उरकतो. कव्हर घातलेली, आठ-आठ दिवस न हललेली गाडी त्यांना सर्वांत सोयीची असते, त्यामुळे आठवड्याची फेरी हाच निम्मा उपाय आहे. जागा दोन दिवसांनी बदलावी, मुलांनी सांडलेला खाऊ गाडीत राहू देऊ नये आणि बॉनेट दर आठवड्याला उघडून लेंड्या किंवा कुरतडलेले रबर दिसते का ते पाहावे. खालून बारीक जाळी बसवून घेता येते. तीही, एअर फिल्टरच्या तोंडावर न येईल अशा बेताने.

बॉनेट उघडलेच आहे तर कूलंटच्या पांढऱ्या डबीवरील दोन खुणा पाहाव्यात. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि कमी पडल्यास बोअरचे पाणी मुळीच घालू नये, त्यातील क्षार आत जमतात. पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रकारचे कूलंट घालावे. आणि पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण मागच्या चाकांच्या ड्रममध्ये ब्रेकचे शू (घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) चिकटून बसतात. सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावावा.

टायरच्या बाबतीत पंक्चरवाला आणि शेजारी दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. नक्षीच्या खाचांमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली आणि टायर बाद झाला. तुमची नक्षी त्यापासून खूप दूर असणार. पण रबर वयानेही कडक होते आणि ओल्या रस्त्यावरची पकड आधी जाते. टायरच्या कडेवर डॉट (DOT) या इंग्रजी अक्षरांनंतर लांबोळक्या चौकटीत चार अंक असतात. उदाहरणार्थ ४७१९ याचा अर्थ २०१९ च्या ४७ व्या आठवड्यात बनलेला टायर. अंक बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला पाहावेत. तुमचे टायर त्याच सुमाराचे असतील. पाच वर्षांनंतर दरवर्षी कडेच्या बारीक भेगा, फुगवटा आणि खाचांच्या तळाशी पडलेले तडे नीट पाहून घ्यावेत, आणि ज्या टायरवर समृद्धीला कडक उन्हात शंभराच्या वर गाडी नेणार, त्याच्या बाबतीत मी तरी सहा वर्षांपुढे थांबत नाही. हवा मात्र दर महिन्याला, टायर गार असताना, चालकाच्या दाराच्या खांबावरील स्टिकरप्रमाणे भरावी. पूर्ण भार असताना तेथे वेगळा आकडा दिलेला असतो. लांबच्या प्रवासात मध्येच हवा वाढलेली दिसली म्हणून ती काढू नये, गार झाल्यावर ती कमी भरेल आणि कमी हवेचा टायर वेगात अधिक तापतो.

स्टेपनी चार टायरांच्याच वयाची आहे, वापरली नाही म्हणून ती तरुण ठरत नाही. पंक्चर झाल्यास घरापर्यंत आणण्यासाठी ती डिक्कीत राहू द्या, तिच्यात हवा मात्र भरून ठेवा. काही गाड्यांत स्टेपनी इतर चाकांपेक्षा लहान असते आणि तिच्यावर ८० च्या मर्यादेचा स्टिकर असतो, तेही पाहून घ्या. एकदम चार टायर घेणे जड वाटत असेल तर दोन घ्या. दुकानदार ते पुढे बसवायला निघेल, कारण पुढचे टायर लवकर झिजतात. पण ते मागे बसवायला सांगा, ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली की गाडी फिरते आणि ती सावरणे पुढची पकड सुटण्यापेक्षा कठीण असते. पैसे देण्यापूर्वी नव्या टायरवरचे चार अंक स्वतः वाचून पाहा, दुकानात पडून राहिलेला टायरही जुना होत असतोच.